पाच मुळांची दाढ

कवळीकाकूंचं खरं नाव टपालवाल्याला माहीत होतं आणि बहुधा काकूंना स्वतःला. बाकी सगळ्या गल्लीला त्या कवळीकाकूच. एकोणिसाव्या वर्षी त्या दातांच्या लॅबमध्ये कामाला लागल्या आणि पन्नाशीपर्यंत तिथल्याच एका उंच स्टुलावर बसून त्यांनी लोकांच्या कवळ्या केल्या. दवाखान्यातून रिकाम्या हिरड्यांचा ठसा यायचा. त्यात प्लास्टर ओतायचं, वर गुलाबी मेण चढवायचं आणि त्या मेणात एकेक दात असा बसवायचा, की माणूस हसला तर ते त्याचंच हसू वाटावं. या कामाने त्यांना एक खोड लागली होती. कुणाशीही बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायच्या. नवीन माणूस बिचकायचा. ओळखीचे मात्र मुद्दाम मोठा आ वासून विचारायचे, "काय काकू, किती दिवस टिकतील?" आणि काकू अगदी गंभीरपणे सांगायच्या, "वरची डावीकडची सोडली तर बाकी ठीक आहेत."

पुढे दात बनवणारी यंत्रं आली. लॅबच्या मालकांनी एका दुपारी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "काकू, आता आपल्या दोघांचं काम तो खोका करणार." काकूंनी मेणाचे तीन डबे, कोरायची हत्यारं आणि अर्धं पोतं प्लास्टर घरी आणलं, पलंगाखाली सरकवलं आणि दोन महिने हात चोळत बसल्या. बसल्या म्हणजे कशा, घरातले सगळे डबे आकाराप्रमाणे लावले, बटणं रंगाप्रमाणे लावली, मग चमच्यांकडे वळल्या. सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांच्या तोंडात काकूंनीच केलेली तिसरी कवळी होती आणि ती उत्तम चालत होती, त्यामुळे बोलायला काही अडचण नव्हती. "हिला कुठेतरी कामाला लाव रे बाबा," त्या मुलाला म्हणाल्या, "नाहीतर उद्या ही मलासुद्धा उचलून फळीवर उंचीप्रमाणे ठेवील."

मुलगा म्हणजे काकूंचे यजमान. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मशीनकाका म्हणत. शहरातल्या संग्रहालयात पडदे शिवायचं मशीन बिघडलं म्हणून ते गेले, तेव्हा तिथल्या फलकावर त्यांनी एक जाहिरात वाचली. मातीतून बारीक हाडं वेचायला माणूस हवा होता. नजर तीक्ष्ण, हात स्थिर, शिक्षणाची अट नाही. त्यांनी कागद खिशात घातला तो फलकावरून काढूनच. दुसऱ्या कुणी वाचायला नको.

मुलाखत घेतली ती एका तरुण शास्त्रज्ञ बाईंनी. त्यांना तिथे सगळे डॉक्टरबाई म्हणत, आणि त्यांनी आजवर कुणाला औषध दिलेलं नव्हतं. त्यांनी एका काचेच्या बशीत चमचाभर वाळू घातली, काकूंना मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "यात उंदराचे नऊ दात मिसळलेत. जेवढे सापडतील तेवढे काढा. अर्धा तास."

अर्ध्या तासाने बशीशेजारी चौदा दात ओळीने मांडलेले होते.

डॉक्टरबाईंनी दोनदा मोजले. "मी तर नऊच टाकले होते."

"मग हे पाच वाळूत आधीपासूनच असतील," काकू म्हणाल्या. "तुमच्या वाळूवर कुणीतरी आधी घाईघाईत हात फिरवलाय वाटतं."

वाळू वेचताना घाई केली होती ती खुद्द डॉक्टरबाईंनीच. त्यांनी कान पकडला आणि काकूंना सोमवारपासून यायला सांगितलं.

काम असं होतं. शहरापासून दूर डोंगरात एक गुहा होती. लाखो वर्षांपूर्वी त्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या घुबडं राहायची. घुबड उंदीर गिळतं आणि न पचलेली हाडं, दात, केस यांची गोळी करून ओकून टाकतं. त्या गोळ्या खाली पडायच्या, केस कुजून जायचे, दात मागे राहायचे, वर माती साठायची. तीस वर्षांपूर्वी संग्रहालयाने त्या गुहेतली माती थराथराने खोदून आणली होती. ती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, वाळवायची आणि मग चिमूटचिमूट करून मायक्रोस्कोपखाली वेचायची. ओल्या ब्रशच्या टोकाला दात अलगद चिकटतो, तो उचलून काळ्या कागदाच्या खणात ठेवायचा. उंदराची सगळ्यात मोठी दाढ दोन मिलिमीटरची. पण तेवढ्यावरून उंदराची जात ओळखता येते. दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे किती, कुठे आणि कसे, यावर सगळं ठरतं. हे काकूंना डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं आणि काकूंना ते समजावून सांगायची फारशी गरज पडली नाही.

गुहेतल्या बहुतेक दाढा एकाच नामशेष उंदराच्या होत्या. ती जात विभागप्रमुख सरांनी शोधून काढलेली. तरुणपणी ते स्वतः त्या गुहेत पोटावर सरपटत गेले होते. त्यातच एका गुडघ्याची वाट लागली आणि तेव्हापासून ते थोडे डावीकडे झुकून चालायचे. त्यांनी लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. काकू वेचायला बसत त्या पोटमाळ्यासारख्या खोलीत त्यांच्या उंदराचे तेवीस ट्रे होते, आणि सर येता-जाता त्यांच्याकडे जसं बघायचे तसं लोक आपल्या शाळेत जाणाऱ्या नातवंडांकडे बघतात.

काकूंना कामाला लागून दीड वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. सरांच्या उंदराची वरची पहिली दाढ ब्रशवर घेऊन त्या खणात ठेवत होत्या. ठेवताना त्यांनी ती उलटी करून पाहिली. संग्रहालयात दाढ कुणी उलटी करत नसे. जे काही बघायचं ते माथ्यावर, उंचवट्यांत. पण काकूंनी एकतीस वर्षं दात बसवले होते, आणि बसवणारा माणूस आधी बुड बघतो. या दाढेला पाच मुळं होती.

कालच्या दाढेला तीन होती. काकूंना पक्कं आठवत होतं.

त्यांनी ट्रे काढला आणि दाढा उलट्या करायला सुरुवात केली. तीन. तीन. मुळं तुटलेली. तुटलेली. तीन. पाच. तुटलेली. पाच. दुपारपर्यंत त्यांनी दोन ट्रे पालथे घातले आणि डॉक्टरबाईंना हाक मारली.

"बाई, हा एक उंदीर नाही. हे दोन आहेत."

डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "काकू, मला पटतंय. पण मला पटणं हा पुरावा नाही. सरांना दाखवूया."

सरांनी उभ्याउभ्याच पाहिलं. "एकाच जातीत मुळं कमीजास्त असतात," ते म्हणाले. "कधी तीन, कधी चार, एखाद्याला पाच. उंदीर आपल्याला विचारून मुळं काढत नाहीत." मग काकूंकडे वळून, आवाज न चढवता, "तुमचं वेचण्याचं काम फार छान आहे. तुम्ही वेचत राहा. ओळखायचं आम्ही बघतो."

ते गेले. काकूंनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, पुन्हा लावला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी बसमध्ये एकाही माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

जेवताना मशीनकाकांनी विचारलं, "काय झालं?"

काकूंनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढे शिकलेले लोक म्हणतात तर असेल एकच उंदीर. तुला काय करायचेत दोन?"

"आई, त्यांनी वरून पाहिलंय. मी खालून पाहिलंय. दोन्हीकडून पाहिल्याशिवाय मी तुम्हाला कधी कवळी दिली का?"

पहिल्या कवळीच्या वेळी काकूंनी सासूबाईंना अकरा वेळा आ करायला लावलं होतं.

मशीनकाका शांतपणे म्हणाले, "ते म्हणतात तीन, चार, पाच सगळी होतात. मग चारवाले कुठे आहेत? मोजून बघ की."

हे काकूंच्या डोक्यात बसलं. एकाच जातीत मुळं वाढत-घटत असतील तर तीन आणि पाचच्या मधे चारवाल्यांची गर्दी हवी. आणि दोन जाती असतील तर चार जवळजवळ दिसायलाच नकोत. म्हणजे शोधायचे ते चारवाले. ते ढिगाने सापडले तर सर खरे, आणि आपण गप वेचत राहायचं. काकूंनी हे मनाशी अगदी सरळ ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, "माझं वेचण्याचं काम मी रोजचं रोज पुरं करीन. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास आणि शनिवारची सकाळ मला द्या. ट्रे मला बघायचेत."

पण ट्रेंनी निराशा केली. तेवीस ट्रेमधल्या सहाशे चाळीस वरच्या पहिल्या दाढांपैकी मुळं शाबूत होती ती फक्त बहात्तर दाढांची. मुळं नाजूक असतात. घुबडाच्या पोटात, मातीत, चाळणीत कुठे ना कुठे ती मोडतातच. बहात्तरात चारवाला एकही नव्हता. पण बहात्तर म्हणजे काहीच नाही, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं.

त्या आठवडाभर ट्रेंसमोर बसून होत्या. मग एका शनिवारी कपाटाच्या अगदी खालच्या फळीवरून काहीतरी काढताना त्यांच्या हाताला पत्र्याचे डबे लागले. अकरा डबे. झाकणांवर सरांच्याच जुन्या अक्षरात लिहिलेलं होतं: "जबड्यांचे तुकडे. दात नसलेले. ओळखण्याजोगे नाहीत."

काकूंनी एक डबा उघडला. आत तांदळाच्या कण्यांसारखी बारीक हाडं. त्यांनी चिमूटभर बशीत घेतली, मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि एकट्याच मोठ्याने हसल्या. दात नसलेले जबडे! त्यांच्या टेबलावर एकतीस वर्षं दुसरं आलं काय होतं? दात पडून जातो, पण त्याची मुळं जिथे रुतलेली असतात ती खोबण हाडात राहते. प्रत्येक मुळाचा वेगळा खड्डा. समोरच्या तुकड्यात दाढेच्या जागी तीन खड्डे होते. एक पुढे, एक मागे, एक आतल्या बाजूला. शेजारच्या तुकड्यात पाच.

काकूंनी एक वही घेतली आणि तीन रकाने आखले. तीन, चार, पाच.

ते काम सात महिने चाललं. वाचणाऱ्याला सात महिने म्हणायला एक क्षण लागतो. काकूंच्या त्यात नाकी नऊ आले. खोबणीत माती घट्ट बसलेली असायची, ती मशीनकाकांनी घासून दिलेल्या शिलाईच्या सुईने कोरून काढावी लागे. जोर कमी पडला तर माती हलत नसे, जास्त झाला तर दोन खड्ड्यांमधली भिंत मोडे आणि मोडलेला तुकडा काकू वहीत धरत नसत, मग तो त्यांच्या बाजूचा असो की विरुद्ध. मान धरली. उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. लिफ्टवाला विचारायचा, "काकू, तुमच्या उंदरांचं काय झालं?" आणि काकू म्हणायच्या, "अजून आ करतायत."

पहिल्या डब्याअखेर चारच्या रकान्यात एक खूण पडली. ती काकूंच्या विरुद्ध जाणारी होती, पण त्यांनी ती केली. पाचव्या डब्यात दुसरी. त्यानंतर एकही नाही.

आठ डबे झाल्यावर हिशेब असा होता: तीनवाले दोनशे चौदा, पाचवाले एकाहत्तर, चारवाले दोन. डॉक्टरबाई वही घेऊन सरांकडे गेल्या. काकू दाराशी उभ्या होत्या.

सरांनी या वेळी खुर्चीत बसून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मातीने भरलेली खोबण मोजताना चुका होतात," शेवटी ते म्हणाले. "आणि पाच खड्ड्यांचा जबडा माझ्याच उंदराचा नाही, दुसऱ्याच कुठल्या प्राण्याचा नाही, हे कशावरून? पाच खोबणींच्या जबड्यात पाच मुळांची दाढ बसलेली दाखवा. जागच्या जागी. मग बोलू."

डॉक्टरबाई चिडल्या होत्या. जिन्यात त्या म्हणाल्या, "लाखो वर्षांनी दाढ जबड्यात टिकते कुठे? हे म्हणजे अशक्य गोष्ट मागण्यासारखं झालं."

"मागणं चुकीचं नाही," काकू म्हणाल्या. "मीही हेच मागितलं असतं. अजून तीन डबे आहेत."

नवव्या डब्यात, एका मंगळवारी सकाळी, तो तुकडा सापडला. भाताच्या शितापेक्षाही लहान हाड आणि त्यात तिरकी झालेली, पण बसलेली दाढ. एका बाजूने हाड फुटलेलं असल्यामुळे मुळं दिसत होती. काकूंनी श्वास रोखून मोजली. पाच. त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं; त्या सुट्टीवर होत्या. सर दुपारी येणार होते. काकूंनी ठरवलं, तुकडा बशीतून खणात ठेवावा, म्हणजे धक्का लागायला नको. नेहमी त्या ब्रश वापरत. त्या दिवशी, का कोण जाणे, त्यांनी चिमटा घेतला. चिमट्याची टोकं किंचित सरकली, टिक असा आवाज झाला आणि बशी रिकामी झाली.

दोन मिनिटं त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत, पाय उचलला तर तो नेमका त्यावरच पडायचा. मग त्यांनी बसल्या जागेवरून टेबल इंच इंच पाहिलं. मग जमीन, गुडघ्यांवर, हातात दिवा घेऊन. दाराबाहेर पाटी लावली: आत येऊ नये. मग व्हॅक्यूम क्लीनरला नवी पिशवी लावून खोलीतला कण न् कण ओढून घेतला, ती पिशवी फोडली आणि सगळी धूळ चाळणीतून धुऊन, वाळवून, गुहेतल्या मातीसारखी मायक्रोस्कोपखाली वेचायला घेतली. दोन दिवस. त्या धुळीत त्यांना खडूचे कण, केस, एक कोळी, पेन्सिलीची टोकं आणि तीस वर्षांत कुणाकुणाच्या चिमट्यांतून उडालेल्या सहा दाढा सापडल्या. तो तुकडा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या ताटावर नुसत्या बसल्या होत्या. मशीनकाका म्हणाले, "सुईचं टोक तुटून उडतं ना, तेव्हा मी खोलीभर शोधतो आणि ते निघतं माझ्याच कपड्यांत. तू अंगावर काय घातलं होतंस?"

अ‍ॅप्रन. पांढरा, बाह्या दुमडून घातलेला. तो सकाळी धुवायला जाणार होता.

काकू सकाळी संग्रहालयाचं दार उघडायच्या आधी बाहेर उभ्या होत्या. अ‍ॅप्रन धुवायच्या गाठोड्यात होता. त्यांनी डाव्या बाहीची घडी पांढऱ्या बशीवर हळूच उलगडली आणि जबड्याचा तुकडा बशीत पडला. पाच खोबणींसकट. दाढ मात्र निसटून गेली होती. शिवण उसवून पाहिली, दोरे मोजून पाहिले. दाढ नव्हती, आणि ती पुढेही कधी सापडली नाही.

काकू स्वतःच सरांकडे गेल्या आणि झालं ते सगळं सांगितलं, चिमट्यापासून बाहीपर्यंत. सरांनी ऐकून घेतलं. "तुम्ही पाहिली असेल," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं, "पण मी पाहिली नाही. आणि मी पाहिली असती तरी, ज्याला दाखवता येत नाही त्यावर निबंध लिहिता येत नाही."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "मला तीन आठवडे द्या."

घरी येऊन त्यांनी पलंगाखालून मेणाचे डबे ओढले. प्लास्टर अजून चांगलं होतं. संग्रहालयात त्या मायक्रोस्कोपच्या आतल्या बारीक पट्टीने मोजत: मुळाची लांबी, जाडी, झुकाव, खड्ड्याची खोली, दोन खड्ड्यांतलं अंतर. घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर तेच चाळीसपट मोठं करत. दोन मिलिमीटरची दाढ मुठीएवढी झाली. तीन खोबणींचा जबडा, पाच खोबणींचा जबडा, आणि दोन्ही तऱ्हांच्या प्रत्येकी दोन दाढा, चारही खऱ्या, ट्रेमधल्या, मुळं शाबूत असलेल्या दाढांवरून केलेल्या.

सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि थबकल्या. "अगं बाई, ही कुणाची कवळी? हत्तीची?"

"उंदराची, आई."

सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि मुलाला हाक मारली. "अरे, हिला सुट्टी घ्यायला सांग."

तीन आठवड्यांनी काकूंनी सरांच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर सहाही वस्तू मांडल्या. डॉक्टरबाई बाजूला उभ्या होत्या. काकू म्हणाल्या, "सर, तुम्ही बसवा."

सरांनी पाच मुळांची दाढ उचलली आणि तीन खोबणींच्या जबड्यात घालायचा प्रयत्न केला. फिरवली, तिरकी केली. ती वरच्या वर डगडगत राहिली. मग तीच पाचच्या जबड्यात ठेवली. ती खटकन बसली. दुसरी घेतली. तीही बसली.

"साचा तुम्हीच केलात," सर म्हणाले. "तुमचा साचा तुमच्या दाढेला बसणारच."

"म्हणून हा कागद आणलाय." काकूंनी घडी उलगडली. प्रत्येक माप, कुठल्या ट्रेमधल्या कितव्या खणातल्या दाढेचं, ते ओळीने लिहिलेलं होतं. "यातलं कुठलंही काढा आणि स्वतः मोजा. एक जरी चुकलं असेल तर हे सगळं इथेच फोडून टाका. झाडून मी घेईन."

सरांनी खरंच मोजायला घेतलं. दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी ट्रे मागवले, दाढा उलट्या केल्या, पट्टी लावली, कागदावर खुणा केल्या. चारच्या सुमारास ते खऱ्या दाढांकडे वळले. तो अ‍ॅप्रनच्या बाहीतला जबड्याचा तुकडा त्यांनी मेणाच्या थेंबात रोवला, ओल्या ब्रशवर एक सुटी पाच मुळांची दाढ घेतली आणि हात टेबलाला टेकवून ती खोबणींवर उतरवू लागले. त्यांचा हात काकूंइतका स्थिर नव्हता. तीनदा दाढ निसटली. काकूंना मदतीला हात पुढे करावासा वाटत होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. चौथ्या वेळी दाढ आत गेली. दाढ दुसऱ्या एका उंदराची, त्यामुळे किंचित सैल, पण पाचही मुळं आपापल्या खड्ड्यात. मग सरांनी तीच दाढ तीनच्या जबड्यावर ठेवून पाहिली; ती बसली नाही. मग बराच वेळ त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढलेच नाहीत.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "मी हे वरून बघत होतो."

त्यांनी चष्मा पुसला. "आता मला हे सांगा काकू. मुळांवरून वेगळ्या केलेल्या दाढा शेजारी शेजारी ठेवल्या, तर माथ्यावर काही फरक दिसतो का? कारण मुळं तुटलेल्या दाढांचं काय करायचं?"

"दिसतो," काकू म्हणाल्या. "पाचवाल्यांना पुढच्या कडेला एक बारीक टेंगूळ आहे. दाढ झिजली की जातं, म्हणून मी ते आधी बोलले नाही. पाचवाल्यांच्या न झिजलेल्या, कोवळ्या दाढांत सगळ्यांना आहे. तीनवाल्यांत एकालाही नाही."

सर डॉक्टरबाईंकडे वळले. "लिहायला घ्या. माझा जुना निबंध चुकला आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. शेवटी कुठेतरी लपवू नका."

निबंध छापून यायला चौदा महिने लागले. दूरच्या दोन तज्ज्ञांनी तो तपासला. एकाने उरलेले डबेही मोजून हवेत असं कळवलं, तेव्हा काकूंनी उलट टपाली आकडे धाडले, कारण ते त्यांनी कधीच मोजून ठेवले होते. नवीन जातीला काकूंचं नाव द्यावं असं सरांनी सुचवलं. काकूंनी हात जोडले. "नको. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या उंदराला कवळी म्हणाल, तर लोक मला हसतील आणि उंदराला पण." शेवटी पाच मुळांवरूनच नाव ठेवलं गेलं. निबंधावर मात्र तीन नावं होती: डॉक्टरबाईंचं, काकूंचं, सरांचं, याच क्रमाने. तो क्रम सरांनी ठरवला होता.

या सगळ्यातून कळलं ते असं. गुहेच्या खालच्या थरांत दोन्ही उंदीर एकत्र नांदत होते. मधल्या थरांपासून पाच मुळांचा उंदीर कमी कमी होत गेला आणि वरच्या थरांत तो एकदम नाहीसा झाला. तीन मुळांचा त्यानंतरही बराच काळ टिकला. त्या मधल्या काळात बाहेर काय बदललं, गवत गेलं की पाणी आटलं, यावर डॉक्टरबाई आता काम करतायत.

छापील अंक काकूंनी घरी आणला. मशीनकाकांनी आपलं चष्म्याचं घर शोधून चष्मा लावला आणि बायकोचं नाव दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. सासूबाईंनी अंक हातात घेऊन उलटापालटा केला, दाढांची चित्रं लांब धरून पाहिली.

"एवढं सगळं करून उंदीरच ना शेवटी?" त्या म्हणाल्या.

"उंदीरच, आई."

"पण दात चांगले होते हो मेल्याचे," सासूबाई म्हणाल्या आणि अंक भिंतीवरच्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उभा करून ठेवला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संग्रहालयातून पार्सल आलं. आत सात डबे आणि एक पत्र. त्यांच्याकडेही दात नसलेले जबडे पडून होते, कुणी कधी उघडून पाहिले नव्हते. कुणाला पाठवावेत ते आता कळलं, असं पत्रात लिहिलं होतं. काकूंनी पत्र घडी करून वहीत ठेवलं, पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि ब्रश पाण्यात बुडवला.